चौकातला मोर आणि उडालेला तिरंगा : सांगलीतील एका शिल्पाच्या दुरुस्तीचे प्रकरण

सांगलीहून मिरजेकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका उपनगरात, चार रस्ते मिळतात त्या चौकात, २०२२ साली स्वातंत्र्याच्या अमृत महोत्सवानिमित्त फायबरचा एक मोर बसवण्यात आला. चौथऱ्यासह त्याची उंची दोन पुरुषांहून थोडी अधिक भरते. पिसारा पूर्ण फुललेला असून त्यावर कमानीच्या आकारात तीन पट्टे रंगवलेले होते : बाहेरचा केशरी, मधला पांढरा आणि आतला हिरवा. पांढऱ्या पट्ट्यावर, मोराच्या तुऱ्याच्या बरोबर वर, निळे अशोकचक्र होते. भोवती कारंजे, कारंज्याला लोखंडी कठडा आणि चौथऱ्याच्या दर्शनी बाजूस उद्घाटनाची कोनशिला. त्या वर्षीच्या ‘हर घर तिरंगा’ मोहिमेत सगळे शहर तीन रंगांत न्हाऊन निघालेले असताना हा मोर कोणाला वावगा वाटला नाही. उलट संध्याकाळी लोक मुलांना घेऊन तेथे फोटो काढायला येत.

तिसरा पावसाळा सरला तेव्हा चित्र पालटले होते. केशरी पट्टा उडून फिकट पिवळसर गुलाबी झाला, पांढऱ्यावर डिझेलच्या धुराचे करडे थर बसले आणि हिरवा मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. लांबून पाहणाऱ्याला पिसाऱ्यावर तिरंगा दिसेनासा होऊन एकच ठसठशीत हिरवा पट्टा दिसू लागला. दोष रंगद्रव्यांचा होता, पण त्यावरून जी कुजबुज सुरू झाली ती रंगद्रव्यांविषयी नव्हती. त्यातच पिसारा मागच्या बाजूला कलला, पाठीशी जोडलेल्या सांध्याला बोटभर तडा गेला आणि तुऱ्याच्या लोखंडी तारांचा गंज मोराच्या पांढऱ्या गालावरून ओघळून गळ्यापर्यंत उतरला.

यानंतर तीन अर्ज आले. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी राष्ट्रध्वजाचा उघड अवमान होत असल्याची तक्रार केली. दुसऱ्या अर्जात मोर हटवून त्या जागी प्रतिसरकारच्या चळवळीतील एखाद्या सेनानीचा पुतळा बसवावा, अशी मागणी होती. तिसरा अर्ज चौकातल्या दुकानदारांचा होता आणि त्यांचे म्हणणे साधे होते : पुन्हा रंग द्या आणि विषय संपवा. चौकाची देखभाल पाहणाऱ्या नागरिक समितीने एक स्थापत्य अभियंता, एक वकील आणि चित्रकला शिक्षक म्हणून प्रस्तुत लेखक, अशा तिघांना पाहणी करून टिपण देण्यास सांगितले. ते टिपण आणि त्यावरून पुढे झालेले काम हा या लेखाचा विषय आहे.

तक्रारीतला कायद्याचा भाग

राष्ट्रप्रतिष्ठेच्या अवमानाला प्रतिबंध करणारा १९७१ चा अधिनियम राष्ट्रध्वज, राज्यघटना आणि राष्ट्रगीत यांना संरक्षण देतो. राजमुद्रेच्या गैरवापरासाठी २००५ चा वेगळा कायदा आहे. राष्ट्रीय पक्ष्याच्या चित्राला किंवा शिल्पाला असे कोणतेही कवच नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा मोराला पहिल्या अनुसूचीत ठेवतो, तो जिवंत मोरासाठी. सिमेंटच्या, फायबरच्या किंवा भिंतीवरच्या मोराचे काय करावे, याविषयी तो काही सांगत नाही. म्हणजे चौकातल्या मोराचा तुरा मोडला, चोच उडाली किंवा रंग गेला तर ती फार तर हेळसांड ठरते.

ध्वजाचे तसे नाही. १९७१ च्या कायद्यात ध्वज म्हणजे केवळ कापड नव्हे. त्याचे चित्र, छायाचित्र किंवा कोणतेही दृश्य रूप त्यात येते. पुतळ्यावर किंवा स्मारकावर आच्छादन म्हणून ध्वज वापरणेही त्यात निषिद्ध आहे. भारतीय ध्वजसंहिता, २००२ नुसार ध्वज आयताकृती, तीनास दोन प्रमाणाचा असतो, त्यावरील चक्राला चोवीस आरे असतात, आणि फाटका किंवा विटलेला ध्वज लावायचा नसतो. आता कमानीत वाकवलेले तीन पट्टे आणि मध्ये चक्र, हा ध्वज म्हणायचा की ध्वजाच्या रंगांतली सजावट? आमच्या वकील सहकाऱ्यांच्या मते दोन्ही बाजूंनी युक्तिवाद करता आला असता, आणि ऊनपावसाने उडालेल्या रंगाला अवमानाचे कृत्य ठरवणे कोणत्याही न्यायालयापुढे अवघड गेले असते.

माझ्या मते तक्रारीतला खरा मुद्दा कलमांच्या अलीकडचा आहे. चक्र नसते तर तीन रंग हे तीन रंगच राहिले असते; चक्र काढल्याबरोबर शिल्पकाराने ध्वजाचा मान उसना घेतला आणि त्याबरोबर ध्वजाचे सगळे नियमही पदरात घेतले. कापडाचा ध्वज विटला तर काही मिनिटांत उतरवून दुसरा चढवता येतो. पाठीला जोडलेला फायबरचा पिसारा रोज उतरवता येत नाही, दरवर्षी बदलता येत नाही, आणि त्यावर कावळे बसायचे ते बसतातच. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या कलाकृतीवर ध्वज रंगवणारा माणूस, अपेक्षा नसताना, त्या ध्वजाच्या विटण्याचीच तजवीज करून ठेवतो. मुख्याध्यापकांना गावात काहींनी हेकट ठरवले, पण त्यांनी बोट ठेवले ती जागा बरोबर होती.

पुतळ्याच्या मागणीचा निकाल लवकर लागला. सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकांच्या उपयोगाच्या जागांवर नवे पुतळे उभारण्यास परवानगी देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी दिलेला आहे; रस्त्यांचे सुशोभीकरण, दिवे आणि वाहतुकीची कामे त्यातून वगळली आहेत. मोर चौकात उभा राहू शकला तो सुशोभीकरण म्हणून. ज्या जिल्ह्यात येडेमच्छिंद्र आणि कुंडल आहे, तेथे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या सहकाऱ्यांचे स्मारक कोणाला नको असेल? तरीही ते वाहतुकीच्या बेटावर उभारता येणार नव्हते.

मोर कशासाठी निवडला गेला होता

समितीच्या बैठकीत एका तरुण सदस्याने विचारले की तिरंगा काढून टाकला तर हा मोर देशभक्तीचा कसा राहील; मग तो बागेतल्या बदकासारखाच एक पक्षी नव्हे काय? प्रश्न योग्य होता आणि त्याच्या उत्तरावरच पुढचे काम अवलंबून होते.

मोर १९६३ साली राष्ट्रीय पक्षी म्हणून जाहीर झाला. त्याआधी या मानासाठी सारस, घार, हंस अशा पक्ष्यांची चर्चा झाली होती. डॉ. सलीम अली यांचा कल माळढोकाकडे होता, कारण त्या पक्ष्याला वाचवण्याची निकड होती. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील नान्नजच्या माळरानामुळे हे नाव सांगलीकरांना परके नाही. निवड मोराची झाली त्यामागे काही व्यवहारी निकष होते : पक्षी देशात बहुतेक ठिकाणी आढळणारा असावा, सामान्य माणसाला ओळखता यावा, कथापुराणांत आणि लोकजीवनात त्याला स्थान असावे आणि सरकारी प्रकाशनांत ठरीव रूपात त्याचे चित्र काढता यावे. यातला शेवटचा निकष आमच्या कामाचा होता. रेषेत उतरवला तरी ओळखू येतो आणि त्याला दुसऱ्या चिन्हाचा टेकू लागत नाही, म्हणून तर हा पक्षी निवडला गेला.

इतिहासही हेच सांगतो. कुमारगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यांवर कार्तिकेयाचा मोर आहे. शाहजहानच्या मयूरासनावर मोर होते आणि ते आसन १७३९ मध्ये नादिरशाहने इराणला नेले, ही गोष्ट शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. पैठणीच्या पदरावर मोर आहे, आपल्याकडच्या शारदेच्या पायाशी मोर आहे. मे २०२३ मध्ये खुल्या झालेल्या नव्या संसद भवनात लोकसभेच्या सभागृहाची सजावट मोराच्या कल्पनेवर बेतलेली आहे आणि राज्यसभेची कमळाच्या. यांपैकी कोठेही मोराचे मोरपण झाकून त्यावर दुसरे काही रंगवलेले नाही.

शिवाय सांगलीत मोर पाहायला संग्रहालयात जावे लागत नाही. धों. म. मोहिते यांच्या चिकाटीतून उभे राहिलेले आणि १९८५ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झालेले सागरेश्वर जिल्ह्यातच आहे. तेथे आणि कडेगाव, पलूस भागातल्या ओढ्याकाठी मोर मुबलक दिसतात. भुईमूग आणि हरभरा काढणीला आला की ते शेतातही उतरतात. समितीतल्या एका शेतकरी सदस्याने या चर्चेत, राष्ट्रीय पक्ष्याने आपल्या रानात किती नुकसान केले याचा हिशेब ऐकवला आणि बैठकीतला ताण बराच सैलावला. मात्र त्याच्याच बोलण्यातून पुढचा निष्कर्ष निघाला. ज्यांनी रोज खरा मोर पाहिला आहे, त्यांना चौकातल्या मोरातली चूक एका नजरेत कळते.

शिल्पाची पाहणी

चुका बऱ्याच होत्या. भारतीय मोराचा तुरा पंख्यासारखा पसरट असतो : सुट्या, उघड्या काड्या आणि प्रत्येक काडीच्या टोकाला निळसर हिरवा लहानसा झुपका. चौकातल्या मोराला तारांची एक उभी, चिंचोळी शेंडी होती. तशी शेंडी हिरव्या मोराला असते, जो ब्रह्मदेशापासून जावापर्यंत आढळतो आणि ब्रह्मदेशाच्या कोनबाउंग राजघराण्याचे चिन्ह होता. शिल्पकाराने बहुधा हाताशी आलेले पहिले छायाचित्र घेतले असावे. पिसाऱ्यावर राष्ट्रध्वज आणि डोक्यावर शेजारच्या राजाचा तुरा, असा हा मोर तीन पावसाळे आमच्या चौकात उभा होता आणि ते कोणाच्या लक्षात आले नाही, कारण सगळ्यांचे डोळे रंगांकडे होते.

याहून महत्त्वाची चूक मागच्या बाजूस होती. मोराचा पिसारा ही त्याची शेपटी नाही. शेपटीच्या वर उगवणारी दीडशे ते दोनशे लांब पिसे म्हणजे पिसारा. खरी शेपटी त्याच्यामागे असते, आखूड, ताठ, तपकिरी, वीस पिसांची. मोर नाचताना हीच शेपटी उभारतो आणि पिसाऱ्याचा सगळा डोलारा तिच्यावर टेकतो. नाचणाऱ्या मोराकडे मागून पाहिले तर हा तपकिरी पंखा स्पष्ट दिसतो. आमच्या शिल्पाला शेपटीच नव्हती. पिसारा म्हणजे एक मोठी चकती, ती पाठीतून निघालेल्या दोन लोखंडी पाइपांना नटबोल्टने जोडलेली, आणि तिच्या मागे आधार शून्य. चैत्र-वैशाखात वळवाचा पाऊस येण्यापूर्वी सांगलीत जे वादळी वारे सुटतात, त्यांचा सगळा मारा ती चकती शिडासारखी अंगावर घेई आणि तो सगळा दाब दोन पाइपांच्या मुळाशी येई. तेथे तडा गेला, तड्यातून पाणी शिरले, पाइप गंजला, गंजून फुगला आणि फुगल्याने तडा आणखी रुंद झाला. तड्यात बोट घातले की आतल्या काचधाग्यांच्या जाळीचे ओले, खरखरीत पदर हाताला लागत.

चौक गोल असल्यामुळे या उणिवेला आणखी एक बाजू होती. मिरजेकडून येणाऱ्या माणसाला मोर समोरून दिसे. सांगलीकडून येणाऱ्याला दिसे ती चकतीची करडी, सपाट पाठ, पाइप आणि बोल्ट. भिंतीला लावायच्या चित्राला मागची बाजू नसली तरी चालते, चारी बाजूंनी वाहने फिरतात त्या ठिकाणच्या शिल्पाला चालत नाही.

चौथऱ्याचे निदान अभियंत्यांनी केले. सांगलीची काळी माती उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि पावसात फुगते. चौथऱ्याचा पाया या मातीतच उथळ घातलेला होता आणि कारंज्याच्या गळतीमुळे एका बाजूची माती बारमाही ओली राहत होती. एक बाजू वर उचलली गेल्याने सगळाच मोर कलला. कारंज्याच्या क्षारयुक्त पाण्याने पायांवर पांढरे थर चढले होते, ते वेगळेच.

राहिला रंग. चौकापासून जवळ, वाहनांचे डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्या एका गॅरेजमधल्या जुन्या पेंटरला आम्ही सोबत नेले, आणि त्याने नखाने रंगाचा पापुद्रा काढून दाखवत जे सांगितले ते कोणत्याही पुस्तकाइतके नेमके होते. साचातून काम सुटावे म्हणून लावलेले मेण पृष्ठभागावरून नीट काढलेले नव्हते, पॉलिश पेपर मारलेला नव्हता, प्रायमर दिलेला नव्हता. फायबरच्या गुळगुळीत अंगावर थेट साधा ऑइल पेंट फिरवला होता. अशा रंगाची उन्हात पावडर होते. त्यातही स्वस्त केशरी रंगातली द्रव्ये उन्हाने लवकर विटतात आणि हिरव्या रंगातली द्रव्ये टिकाऊ असतात. हिरवा पट्टा मागे उरण्याचे कारण एवढेच होते. हे कारण आम्ही टिपणात मुद्दाम ठळकपणे लिहिले आणि बैठकीत वाचूनही दाखवले, कारण तोवर त्या हिरव्या पट्ट्याला भलतेच अर्थ चिकटू लागले होते.

काय ठरले आणि कसे केले

आमची शिफारस अशी होती की मोर ठेवावा, त्यावरील चक्र आणि पट्टे पूर्ण काढावेत आणि त्याला खरा भारतीय मोर करावे. दुकानदारांना यात खर्च वाढल्यासारखा वाटला. तरुण सदस्यांना देशभक्ती कमी झाल्यासारखी वाटली. चौकालगतच्या शाळेत दर १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला रीतसर ध्वजवंदन होते, आणि उपनगरातली निम्मी माणसे त्याला हजर असतात. जेथे खरा ध्वज चढतो त्याच्या हाकेच्या अंतरावर रंगवलेला दुसरा ध्वज कशाला हवा, हा मुख्याध्यापकांचा सवाल शेवटी निर्णायक ठरला.

पहिले काम जमिनीखाली झाले. कारंजे कायमचे बंद केले, पाया मुरूम लागेपर्यंत खोल नेला आणि चौथरा नव्याने बांधला. मोर कठडा काढून क्रेनने उचलला तेव्हा त्याच्या पोटात मुंग्यांचे वारूळ निघाले.

दुसरे काम शेपटीचे. अभियंत्यांना चकतीला मागून आधार द्यायचा होता आणि त्यांनी आधी दोन तिरके अँगल सुचवले होते. त्याऐवजी आधाराच्या पट्ट्या पंख्यासारख्या पसरून बसवल्या आणि त्यांवर तपकिरी फायबरची आखूड पिसे चढवली, तर आधारही मिळेल आणि मोराला नसलेली शेपटीही मिळेल, हे रेखाटन करून दाखवल्यावर त्यांनी हिशेब मांडला आणि मान्य केले. पट्ट्या खाली एका बेसप्लेटला वेल्ड केल्या आणि वाऱ्याचा दाब सगळ्यांत वाटला गेला. खऱ्या मोरात निसर्गाने जे काम शेपटीकडे सोपवले आहे तेच येथे लोखंडाने केले. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत समाधान देणारी गोष्ट कोणती, असे कोणी विचारले तर मी ही शेपटी दाखवेन. सांगलीकडून येणाऱ्यांना आता मागून पाहण्यासारखेही काही आहे.

रंगाबाबत एक मूळचीच अडचण आहे. मोराच्या निळ्यात निळे रंगद्रव्य नसते. पिसांच्या बारीक तंतूंत मेलॅनिनच्या अतिसूक्ष्म कांड्यांची जी रचना असते तिच्यावरून प्रकाश परततो, त्यातून तो निळा-हिरवा झळाळ दिसतो आणि पाहण्याचा कोन बदलला की तोही बदलतो. सपाट ऑइल पेंटने तो कधीच येत नाही. पेंटरच्या सल्ल्याने मान आणि छाती यांवर मेण घासून काढून, लांबी भरून, प्रायमरवर मोटारींना वापरतात तो मेटॅलिक निळा रंग फवारला आणि वर क्लिअर कोटचे दोन हात दिले. पिसाऱ्यावरचे डोळे मात्र रंगवले नाहीत. चकाकत्या फरशांचे निळे, हिरवे आणि तांबूस तुकडे बसवून ते केले, कारण भट्टीत भाजलेल्या झिलईचा रंग उन्हाने उडत नाही. चंदीगडच्या रॉक गार्डनमध्ये नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या आणि कपबशा यांतून जे उभे केले, ते या बाबतीत डोळ्यांपुढे होते. वजन वाढू नये म्हणून तुकडे केवळ डोळ्यांपुरतेच ठेवले. पिसाऱ्याच्या कडेची पिसे खऱ्या मोरात डोळ्याविना, माशाच्या शेपटीसारखी दुभंगलेली असतात. तीही तशीच ठेवली. तुरा स्टेनलेस स्टीलच्या काड्यांचा, पसरट केला.

शेजारी लांडोर असावी, ही सूचना महिला सदस्यांकडून आली होती. राष्ट्रीय पक्षी म्हणजे नर मोर एवढाच अर्थ कोठेही नाही, त्यामुळे सूचना सर्वथा रास्त होती, पण पैसे संपले होते. चौथऱ्यावर तिच्यासाठी बेसप्लेट बसवून जागा राखली आहे. काचेच्या पेटीत खरी मोरपिसे ठेवावीत, ही दुसरी सूचना मात्र नाकारली. आपोआप गळलेली पिसे देशात बाळगण्यास कायद्याची आडकाठी नसली तरी दमट हवेत ती वर्षभरात कसरीच्या तोंडी गेली असती.

राष्ट्रीय सणांना चौथऱ्यावर तीन रंगांचे दिवे सोडावेत, अशी तडजोड तरुण सदस्यांनी मिळवली. मोरावर प्रकाशझोत पांढराच राहील, एवढी अट घातली. मला स्वतःला हे दिवे अनावश्यक वाटतात. पण ते बटण दाबून बंद होतात आणि विटत नाहीत, म्हणून विरोध केला नाही.

रंगांच्या छटांचे क्रमांक, शेपटीच्या पट्ट्यांचे रेखाटन आणि पावसाळ्यापूर्वी मोर धुण्याची पद्धत समितीच्या दप्तरात नोंदवून ठेवली आहे. मुख्याध्यापकांनी तक्रार मागे घेतली आणि त्याच दिवशी दुसरा अर्ज दिला : नव्या चौथऱ्यावरील कोनशिलेवर उद्घाटकांची नावे वीतभर अक्षरांत आहेत आणि ‘राष्ट्रीय पक्षी’ हे शब्द त्यांच्याखाली बोटभर अक्षरांत, तरी ही उतरंड उलटी करावी. त्या अर्जावर समितीचा निर्णय अद्याप झालेला नाही.